डोक्याच्या वर फळी नको

पारनेर,
११ ऑगस्ट २०२४

प्रिय सारा,

सप्रेम सलाम.

नव्या फ्लॅटच्या प्रार्थनेला मला येता आलं नाही. पप्पांना एकटं सोडून कुठं जाता येत नाही, तुला ठाऊकच आहे. अर्धांगवायू झाल्यापासून घाससुद्धा मीच भरवते. फोन केला तर दर वेळी सॅम्युएलच उचलतो. तू एक तर आंघोळीला, नाही तर झोपलेली. बाई, दिवसाला किती आंघोळी करतेस? म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. आधीच नणंद, त्यात गृहशास्त्राची बाई. सल्ले दिल्याशिवाय मला अन्न पचत नाही.

सावेडीत फ्लॅट घेतला म्हणून भिंतींना भडक रंग देऊ नका, वर्षभरात डोळ्यांना टोचतो. पडदे घेण्याआधी कापड पाण्यातून काढ, आटलं की उघडी खिडकी बघत बसावं लागतं. डाळी-तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाक. आणि स्वयंपाकघरातला माझा ठरलेला धडा: डोक्याच्या वर फळी नको. हे किचनवाले वरती कपाटं ठोकून मोकळे होतात, त्यांचं ऐकू नकोस. आमच्या आईने मी दहा वर्षांची असतानाच वरची फळी सुताराकडून काढून घेतली. सगळं सामान कमरेपर्यंत. वीस वर्षं शाळेत मुलींना हेच शिकवते. वरची वस्तू काढून काढून बाईचे खांदे जातात.

एंजेलाला पापा. ती आता चार वर्षांची झाली, तिला छोटं पोळपाट घेऊन दे.

तुझी,
नॅन्सी


सावेडी,
२९ ऑगस्ट

प्रिय नॅन्सीताई,

सप्रेम सलाम. तुमचं पत्र यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. "ताईकडून काही तरी शिक," म्हणाले. हे पत्रही तेच टाकणार आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

एक विचारायचं होतं. बेडरूमच्या दाराला मधोमध खड्डा पडलाय, मुठीएवढा. नवं दार आहे, आतून पोकळ. काय केलं म्हणजे पाहुण्यांना दिसणार नाही? हॉलच्या भिंतीतही पोचा पडलाय, साधारण माझ्या डोक्याच्या उंचीवर. तिथं काय लावावं?

घर छान दिसावं असं यांना फार वाटतं.

तुमची,
सारा


पारनेर,
५ सप्टेंबर

प्रिय सारा,

पलंग आत नेताना हमालांनी ठोकलं असणार. घर बांधणाऱ्याला नसतो एवढा त्रास घर लावणाऱ्याला होतो, बघ.

दाराच्या भोकात जुनी वर्तमानपत्रं भिजवून, पिळून, डिंकात कालवून घट्ट भर. दोन दिवस वाळू दे, मग सँडपेपर मार आणि रंग लाव. तोवर चर्चचं कॅलेंडर टांग. आपल्या घरात कॅलेंडरच्या मागे काय आहे ते कोण बघतंय? भिंतीच्या पोच्याला पुट्टी भर आणि वर आरसा लाव. डोक्याच्या उंचीवर म्हणतेस तर बरोबर जागा आहे.

सॅम्युएलला म्हणावं, नुसतं चर्चमध्ये गाऊ नकोस, बायकोला पुट्टी आणून दे.

नॅन्सी


सावेडी,
३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

आरसा लावला. कॅलेंडर लावलं. आणखी एक असेल तर पाठवाल का? दुसऱ्या दारासाठी हवंय.

आमटीचे डाग भिंतीवरून कसे काढायचे? हळद आहे, घासलं की जास्तच पसरते. आणि उशीच्या अभ्र्यावरचं रक्त? माझा घोळणा फुटला होता. ऊन फार आहे.

तुमची,
सारा


पारनेर,
९ ऑक्टोबर

प्रिय सारा,

कॅलेंडर सोबत पाठवलंय. गेल्या वर्षीचं आहे, पण चित्र चांगलं आहे.

हळदीच्या डागावर खाण्याच्या सोड्याचा लेप दे, वाळला की ओल्या फडक्याने अलगद टिप. अजिबात घासू नकोस. रक्ताला नेहमी थंड पाणी आणि मीठ. गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं. हे मला कुणी शिकवलं आठवत नाही, लहानपणापासून येतं.

पण आमटी भिंतीवर चढली कशी गं? एंजेलाने ताट भिरकावलं असणार. घाल एक धपाटा. लाडाने पोरं डोक्यावर बसतात.

नॅन्सी


४ नोव्हेंबर

नॅन्सीताई,

यापुढे मला घरच्या पत्त्यावर लिहू नका. खालच्या मजल्यावर धनश्रीवहिनी राहतात, त्यांचा पत्ता पाकिटावर आहे. हे पत्र त्याच टाकणार आहेत.

आमटी एंजेलाने फेकली नाही. मीठ जास्त झालं म्हणून यांनी ताट फेकलं. मी वाकले म्हणून ते भिंतीला लागलं. मग वाकले म्हणून मारलं. घोळणा उन्हाने फुटला नव्हता.

दाराचं भोक यांच्या मुठीचं आहे. मी आतून कडी लावली होती. भिंतीतला पोचा माझ्या डोक्याचा आहे. आणि मी दिवसभर आंघोळी करत नाही ताई, फोन यांच्याच खिशात असतो.

लग्नाला सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी थप्पड होती, आता पट्टा आहे. गेल्या रविवारी चर्चमध्ये इतकं सुंदर गायले की बायका मला म्हणाल्या, नशीबवान आहेस. मी हसले. घरी येऊन, लोकांसमोर दात काढतेस म्हणून, गळा धरला. डोळ्यांपुढे काळं होईपर्यंत सोडला नाही. कुणाचा आवाज चढला की एंजेला पलंगाखाली जाते. तिला कुणी शिकवलेलं नाही.

माहेरी आई नाही. वडील म्हणतात, दिल्या घरी नांदायचं. हे जगात फक्त तुमचं ऐकतात. ताई, मला मरायची भीती वाटते. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

सारा


पारनेर,
१० नोव्हेंबर

सारा, पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सॅम्युएल तापट आहे हे माहीत होतं, इतका असेल असं वाटलं नव्हतं. आमच्या घरातले पुरुष डोक्याने गरमच. पप्पासुद्धा कडक होते. पण आईने सतरा वर्षं संसार केला, गल्लीत कुणाला आवाज ऐकू आला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आईची पद्धत तुला सांगते, उपयोगी पडेल. सुऱ्या ओट्यावर ठेवू नकोस, पिठाच्या डब्यात तळाशी पुरून ठेव. काचेची बरणी घरातच नको. लाटणं, वरवंटा, तवा खालच्या कपाटात अगदी मागे ठेवायचे, म्हणजे वाकून काढेपर्यंत माणसाचा राग थोडा उतरतो. तो यायच्या आधी उकळतं सगळं गॅसवरून उतरव. ओट्याच्या कोपऱ्याला जाड फडकं गुंडाळून सुतळीने बांध. आमच्याकडे अजून आहे. स्वयंपाकघरातून मागं जायच्या दाराला कडी कधी लावू नकोस. पायात चप्पल असू दे.

आईचं स्वयंपाकघर इतकं टापटीप होतं की लोक बघायला यायचे. धीर धर. मी त्याच्याशी बोलेन, पण वेळ बघून.

तुझी,
नॅन्सी


नगर,
७ डिसेंबर

नॅन्सीताई,

उत्तराला महिना लागला. उजव्या हाताचं बोट मोडलं होतं. कसं ते विचारू नका.

गावातल्या बेकरीत बसून लिहितेय. नाताळच्या केकचं मिश्रण घरून आणलंय. डब्याखाली नावाची चिठ्ठी लावून भट्टीवाल्याकडे दिलंय, माझ्यापुढे अकरा जणींचे डबे आहेत. तीन तास तरी जातील. एवढ्यासाठी मात्र हे मला एकटीला सोडतात. म्हणाले, "आईपण बेकरीत जायची, दुपारभर यायचीच नाही." बाकड्यावर बसल्या बसल्या मला वाटलं, सासूबाई केकसाठी येतच नसतील. बसायला येत असतील.

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. ताई, रागावू नका. ही स्वयंपाकघर लावायची पद्धत नाही. ही मार खायची तयारी आहे. वरची फळी त्यांनी खांदे दुखतात म्हणून नाही काढली, डोक्यात काही पडू नये म्हणून काढली. आणि तुम्ही वीस वर्षं मुलींना तेच शिकवताय.

अजून एक. लग्नात मला सांगितलं होतं की सासूबाई १९९१ साली वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढताना स्टुलावरून पडल्या आणि गेल्या. वरची फळी तर त्यांनी आधीच काढून घेतली होती, हे तुम्हीच लिहिलंत. बरणीही घरात नव्हती. मग त्या स्टुलावर चढून काय काढत होत्या?

तेव्हा तुम्ही पंधरा वर्षांच्या होतात. घरात होतात. तुम्ही पाहिलंत का?

परवा हे मला म्हणाले, "आईसारखी पडशील एक दिवस." माझंही तेच होणार असेल ताई, तर मला ते आधी कळायला हवं. तुमच्याशिवाय ते कुणीच सांगू शकत नाही.

सारा


पारनेर,
१४ डिसेंबर

प्रिय सारा,

तू विचारलेल्याचं उत्तर मला आत्ता देता येत नाही. पप्पा पलीकडच्या खोलीत आहेत. जुनं उकरून कुणाचं भलं झालंय?

पण मी हातावर हात ठेवून बसलेले नाही. तुमच्या पाळकसाहेबांना फोन केलाय, थोडं कानावर घातलंय. मंगळवारी ते तुमच्याकडे घरभेटीला येतील, प्रार्थना करतील, दोघांना समोरासमोर बसवून चार गोष्टी सांगतील, हातात हात देतील. आपल्या लोकांत असंच मिटतं. पाळकांसमोर दिलेला शब्द सॅम्युएल मोडणार नाही. केक काप, सगळ्यांचं तोंड गोड कर.

दुसरा केक करणार असलीस तर मनुका आधी कोरड्या मैद्यात घोळव, म्हणजे तळाला बसत नाहीत. आणि पहिली वीस मिनिटं झाकण उघडू नकोस.

नॅन्सी


सावेडी,
१९ डिसेंबर

ताई,

फोनवर लिहिलेलं मागे राहतं, म्हणून चिठ्ठी. आमच्या कंपनीचा ड्रायव्हर बिभीषण पारनेरला येतोय, त्याच्याकडे दिलीय. वाचून जाळ.

मंगळवारी पाळकसाहेब गेल्यानंतर सारा स्टुलावरून पडली. जबडा आणि उजवं मनगट मोडलंय, डोक्याला टाके आहेत. जबडा तारेने बांधलाय, दीड महिना तरी तिला बोलता येणार नाही. खालच्या बाईने उगाच चार माणसं गोळा करून आमचं दार तोडलं आणि पोलिसांत गेली. लोकांना दुसऱ्यांच्या घरात फार रस.

पोलीस तुला विचारतील. आईच्या वेळी सांगितलंस तसंच सांग. तुला ते जमतं. एंजेलाला मी शिकवलंय, ती नीट सांगते. साराने तुला काही पत्रं लिहिली असतील तर तीही जाळ.

पाळकसाहेबांना फोन तूच केलास ना? परक्या माणसाने माझ्या घरात येऊन मला खाली मान घालायला लावली. हे सगळं तुझ्यामुळे झालंय, हे लक्षात ठेव.

नाताळला पप्पांना भेटायला येतो.

सॅमी


पारनेर,
२२ डिसेंबर

सॅम्युएल,

हे पत्र तुझ्या वकिलाकडे देतेय. काल तुला पोलिसांनी नेलं, कारण परवा मी नगरला गेले आणि तुझी चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली. साराची सगळी पत्रंही ठेवली. एकही जाळलं नाही.

मग मी आईचं सांगितलं. तुला माहीत आहे ते, पण आपण दोघं ते एकमेकांशी कधीच बोललो नाही, म्हणून एकदा लिहून ठेवते.

आई पोळ्या करत होती. पप्पा बाहेरून आले. काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही, बहुतेक काहीच झालं नव्हतं. त्यांनी तिचे केस धरले आणि डोकं ओट्याच्या कोपऱ्यावर आपटलं. तू माझा फ्रॉक धरून उभा होतास, सात वर्षांचा. तेव्हा तुला जे ते मोजायची सवय होती. तू मोजत होतास. तीनपर्यंत मोजलंस.

त्या कोपऱ्याला नेहमी फडकं बांधलेलं असायचं. त्या दिवशी ते धुवायला मीच सोडलं होतं. तेलकट झालं होतं म्हणून. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं मला. तेहतीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण मला वाटायचं की आईला मीच मारलं. मग पप्पांनी बाहेरच्या खोलीतलं स्टूल आणून आडवं टाकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, काय झालं ते सांग. मी सांगितलं. पाळकांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं, आजीला सांगितलं. इतकं छान सांगितलं की मलाही खरं वाटायला लागलं.

घरभेटीचा फोन मी केला, ते माझं चुकलं. त्याची लाज मी मरेपर्यंत बाळगीन. खरं बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी पाळकांना पुढे केलं. पण तिचा जबडा मी मोडला नाही. तो तू मोडलास.

पप्पांना काल सगळं सांगितलं, भरवता भरवताच. त्यांनी तोंड मिटून घेतलं. शेजारच्या बनुबाईला त्यांच्याजवळ ठेवलंय, यापुढे तीच भरवेल. पोलीस त्यांचा जबाब घ्यायला येणार आहेत. या वयात त्यांचं काय होईल मला माहीत नाही.

त्या सात वर्षांच्या पोराची मला आजही कीव येते. तुझी येत नाही. तू चाळीस वर्षांचा आहेस आणि ते कसं दिसतं हे तुला माहीत होतं. जामिनासाठी माझ्याकडे माणूस पाठवू नकोस.

नॅन्सी


सावेडी, धनश्रीवहिनींकडून
६ जानेवारी २०२५

नॅन्सीताई,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लावून वाचा. परवा दवाखान्यातून सोडलं. तोंड अजून तारेने बांधलेलं आहे, पातळ पेज नळीने घेते.

तुम्ही नगरला गेलात, बोललात, त्याने मी वाचले. हे मी विसरणार नाही. आणि दुसरंही लिहिते, नाही तर ते माझ्या घशात अडकून राहील. तेहतीस वर्षांपूर्वी नाही, पंधरा वर्षांची पोर काय बोलणार. पण आमच्या लग्नाआधी तुम्ही मला एकदा बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. तुम्ही चाळिशी ओलांडली होती तेव्हा. तुम्ही मला पोळपाट-लाटणं आहेर केलंत. तुमच्यावर माझा राग आहे ताई. तो लवकर जाईल असं वाटत नाही. तरी तुम्ही येत राहा.

नाताळच्या आदल्या दिवशी तुम्ही एंजेलाजवळ बसलात, ते मी खाटेवरून बघत होते. महिला पोलीस विचारत होत्या आणि ती चार वेळा म्हणाली, "मम्मी स्टुलावरून पडली." हात जोडून, प्रार्थना म्हणतात तशा चालीत. यांनी तिच्याकडून ते घोकून घेतलं होतं. तुम्ही तिला म्हणालात, "मला पण असंच शिकवलं होतं. मी पण म्हणायचे. ते खोटं होतं." ती बराच वेळ तुमच्या बांगड्या फिरवत बसली आणि मग म्हणाली, "पप्पांनी मम्मीचं तोंड ओट्यावर मारलं." तुम्ही रडलात, पोलीसबाईंनी लिहून घेतलं.

तुम्ही पारनेरला गेल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

ती माझ्या खाटेवर चढली आणि विचारलं, "मी सांगितलं म्हणून पप्पा आता मला मारतील?" मला बोलता येत नव्हतं. उशाशी लिहायला पाटी होती, तिच्यावर मी मोठ्या अक्षरांत "नाही" लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला अजून वाचता येत नाही. तिने पुन्हा विचारलं.

येत्या सोमवारी यांच्या जामिनाची तारीख आहे. सरकारी वकीलबाई म्हणाल्या, काहीच सांगता येत नाही. तुमचा जबाब महत्त्वाचा आहे, तुम्ही कोर्टात या.

त्या दिवशी एंजेलाने पुन्हा विचारलं तेव्हा मी मान हलवली, नाही म्हणून. मान हलवली की तारेचं टोक हिरडीत घुसतं. ती विचारत राहिली आणि तिला झोप लागेपर्यंत मी मान हलवत राहिले.

सारा